तोटा कबूल करण्याचे धैर्य



मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयात जे शिकलो, तेवढीच माझी विद्या. मध्यंतरी सोनिवलीचा एक तरुण कामगार मजकडे आला. फोनवरून ऑप्शन्सचे सौदे करून पहिल्याच आठवड्यात त्याने महिन्याच्या पगाराइतकी रक्कम मिळविली होती. पुढील चार महिन्यांत बहिणीच्या लग्नासाठी साठविलेल्या पैशांतील बहुतेक गेले. तरी तो म्हणे, “काका, एकदा भाव वर येऊ द्या, मग बाहेर पडतो.” मुलगा हुशार, मग असे का व्हावे?

पहिला लाभ नशिबाचा होता. त्याने तो आपल्या अकलेच्या खात्यावर जमा केला. ही पहिली चूक.

दुसरी अधिक खोल आहे. कानमन व ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली असे मांडले की, लाभाच्या आनंदाहून तेवढ्याच तोट्याचे दुःख मनाला अधिक बोचते. सौदा मोडला की तोटा कायमचा ठरतो. म्हणून माणूस तो मोडतच नाही. पण ऑप्शनला मुदत असते. ती संपली की त्याची किंमत शून्यही होते. बाजार कुणाच्या आशेसाठी थांबत नाही.

तिसरी चूक गर्दीची. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. शेजारी घेतो म्हणून जो तो घेऊ लागला. १८६५ साली युद्ध संपले, आणि भाव कोसळून घरेदारे बुडाली.

आज निराळे काय आहे? ‘सेबी’ने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या व्यक्तींपैकी शेकडा ९३ तोट्यात गेल्या. २०२३-२४ मध्ये यांतील शेकडा ४३ जण तिशीच्या आतले होते. ओळीने तोटा सोसूनही शेकडा ७५ हून अधिकांनी खेळ सोडला नाही!

उपाय साधा आहे. किती तोट्यावर बाहेर पडायचे, हे सौद्याच्या आधी, डोके थंड असताना, कागदावर लिहावे आणि तो कागद घरच्यांना दाखवावा. लग्नाचा, शिक्षणाचा, आजारपणाचा पैसा तिकडे वळवूच नये.

त्या मुलाने त्याच दिवशी सौदा मोडला. उरले थोडेच; पण उरले. मग त्याने घरी जाऊन बहिणीला सारे सांगितले. मला विचाराल, तर खरे धैर्य तेच.