प्रौढ व्यायामप्रेमींची चक्कर आणि शरीराचा तोल

उतारवयातही नेमाने चालणारी, धावणारी अथवा सूर्यनमस्कार घालणारी मंडळी परभणी जिल्ह्यात कमी नाहीत. शेगावची पालखी ज्येष्ठ-आषाढात परभणी व गंगाखेडवरून पंढरपूरकडे जाते, आणि पायी वारी करणाऱ्यांत साठी ओलांडलेली माणसे नेहमीच असतात. या सर्वांना कधी ना कधी गाठणारी तक्रार म्हणजे चक्कर, आणि तीवर घरच्या मंडळींचा ठरलेला उपाय म्हणजे व्यायाम बंद करणे. हा उपाय बहुधा अनिष्ट ठरतो. तो का, हे समजण्यासाठी ‘चक्कर’ या एका शब्दाखाली किती भिन्न विकृती दडल्या आहेत, हे प्रथम पाहिले पाहिजे.

भोवतालचे सारे गरगर फिरत आहे असे वाटणे ही एक गोष्ट. डोळ्यांपुढे अंधारी येऊन शुद्ध हरपू पाहणे ही दुसरी. आणि डोके ठिकाणावर असूनही चालताना झोकांड्या जाणे ही तिसरी. माधवनिदानात मूर्च्छा आणि भ्रम एकाच प्रकरणात येतात, परंतु निराळे विकार म्हणून येतात. रुग्ण मात्र तिन्हींना चक्करच म्हणतो, आणि ऐकणाराही पुष्कळदा अधिक विचारीत नाही.

पहिल्या प्रकाराचे मूळ बहुधा अंतर्कर्णात असते. तेथे प्रत्येक बाजूस तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून डोके कोणत्या दिशेस वळले हे मेंदूस कळते. शेजारच्या पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. गुरुत्वाकर्षणाची जाणीव त्यांच्याद्वारे होते. वयोमानाने हे स्फटिक सुटून एखाद्या नलिकेत, विशेषतः पाठीमागील नलिकेत, शिरतात. मग डोके खाली-वर करताच ते घरंगळतात, द्रव ढकलला जातो, आणि माणूस स्थिर असूनही फिरत असल्याची खोटी वार्ता मेंदूकडे जाते. सूर्यनमस्कारात मान वारंवार खाली-वर होत असल्याने हा दोष तेथे चटकन उघड होतो. घेरी सहसा मिनिटभराच्या आत ओसरते. भीती मात्र दिवसभर राहते.

अंतर्कर्णाच्या या यंत्रणेवरील संशोधनासाठी रॉबर्ट बाराणी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये या घेरीच्या निदानाची कसोटी वर्णिली, तर एप्ली यांनी १९९२ मध्ये डोके ठरावीक क्रमाने वळवून स्फटिक मूळ जागी परतविण्याची कृती प्रसिद्ध केली. ही कृती काही मिनिटांची आहे, आणि तिला औषध लागत नाही. असे असता महिनोन्‌महिने चक्करेच्या गोळ्या घेत राहणे समर्थनीय नाही. या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मेंदूची स्वतःस सावरून घेण्याची क्रियाच मंदावते.

दुसऱ्या प्रकाराचा संबंध रक्तदाबाशी आहे. धावताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. एकाएकी थांबल्यास ते पायांत साचते आणि मेंदूचा पुरवठा क्षणभर घटतो. उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा १० मिलिमीटरने उतरल्यास तो विकार समजतात. परभणीचा उन्हाळा ४२ अंशांच्या वर जातो, घामाने पाणी व मीठ निघून जाते, आणि म्हातारपणी तहानेची जाणीवच बोथट झालेली असते. त्यात रक्तदाबाच्या, लघवी वाढविणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांची भर पडते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने सोडणे धोक्याचे. तिची वेळ व मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी, आणि थांबण्यापूर्वी काही मिनिटे सावकाश चालावे.

तिसऱ्या प्रकारात कान निर्दोष असू शकतो. तोल हा कान, डोळे आणि तळपाय या तिघांच्या साक्षीवर ठरतो. मधुमेहाने किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने तळपायांची जाणीव गेली की माणूस डोळ्यांवर विसंबतो. दिवसा तो ठीक चालतो, पण पहाटेच्या अंधारात अडखळतो. मोतीबिंदू असल्यास तोही आधार जातो. शाकाहारी वृद्धांत ब-१२ ची तपासणी अवश्य व्हावी, कारण हा अभाव भरून काढता येतो.

काही चक्करा मात्र थांबण्यास सांगणाऱ्याच असतात. श्रम चालू असतानाच अंधारी येणे, छातीत दुखणे किंवा शुद्ध जाणे यामागे हृदयाची अरुंद झडप अथवा ठोक्यांची अनियमितता असू शकते. चक्करेसोबत बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले किंवा हातपाय लुळा पडला, तर तो पक्षाघात समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्ताची गाठ विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि खेड्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्यात त्यातील बराच वेळ खर्ची पडतो.

हे अपवाद वगळता हालचाल थांबविल्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, आणि मेंदूस नव्याने तोल शिकण्याची संधी मिळत नाही. पुढचे पडणे मग खुब्याच्या हाडावर बेतू शकते. २०१९ च्या कॉक्रेन समीक्षेत व्यायामामुळे वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्यांत तोल व दैनंदिन हालचालींचे व्यायाम विशेष गुणकारी ठरले. भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, टाचेस बोट लावून सरळ रेषेत चालणे, हातांच्या आधाराविना खुर्चीवरून उठणे, एवढ्यासाठी मैदानही लागत नाही. सूर्यनमस्कार घालणाऱ्याने स्फटिकांचा उपचार झाल्यावर प्रथम सावकाश, शक्यतो कुणी जवळ असताना, पुन्हा आरंभ करावा.