सतरा नंबर

“मूठ आवळा आजी. अजून घट्ट.” टेक्निशियन कोपराच्या खळीत बोटानं चाचपतोय, शीर हाताला लागत नाही. आजींची मूठ मात्र झकास आवळते. सोलापुरात जन्मभर विड्या वळलेली बोटं ती. अंगठ्याचं नख तंबाखूनं पिवळं पडलंय. अखेर सुई लागते, लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त उतरतं. ट्यूबवर आकडा: 17.

आजी शुगर वाढली म्हणून भरती झाल्यात. तापाचे पेशंट आम्हाला नकोच आहेत. पूर्वी कधी डेंग्यू येऊन गेलाय का, एवढंच बघायचंय. संमतीच्या कागदावर आजी सही करतात, तेलुगूत.

“घरी पाणी साठवता?”

“चार दिवसाआड नळ येतोय. साठवू नको तर काय करू?”

“डेंग्यू झाला होता कधी?”

“न्हाई बाई. ताप आला असंल, तशीच कामाला बसले.”

पुरुष वॉर्डात हर्नियाच्या ऑपरेशनला आलेला टेम्पोवाला मात्र ठाम. “झालाय की! दोन वर्षांमागं. प्लेटलेट पार खाली. पपईच्या पानाचा रस प्यालो, कडूजहर.” त्याचा नंबर 23.

दुपारी प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूजची घरघर थांबते. ट्यूबमध्ये रक्ताची गाठ खाली, फिकट पिवळं सीरम वर. समोर 96 खळग्यांची प्लेट, एकेक खळगा करंगळीच्या नखाएवढा, त्याच्या तळाशी डेंग्यूच्या विषाणूची प्रथिनं आधीच चिकटवलेली. जुन्या संसर्गाची आयजीजी प्रतिपिंडं सीरममध्ये असतील तर ती त्यांना धरून बसतात. नसतील तर धुताना सगळंच वाहून जातं. म्हणून सगळी भिस्त धुण्यावर. टेक्निशियन पुन्हा पुन्हा धुतो, प्लेट उलटी करून टिश्यूपेपरवर ठकठक आपटतो. जात्यातलं पीठ झाडावं तशी.

प्लेट 37 अंशांच्या कपाटात गेली की चहा. डॉक्टरबाई सांगताहेत, 2017-18 साली आयसीएमआरनं 15 राज्यांतले 12,300 नमुने तपासले, तेव्हा 48.7 टक्के लोकांच्या रक्तात डेंग्यूची खूण सापडली. यातल्या बहुतेकांना पत्ताही नसणार. डेंग्यूचे प्रकार चार. एक होऊन गेला आणि पुढं दुसऱ्यानं गाठलं तर आजार गंभीर व्हायची भीती जास्त. फिलिपिन्समध्ये आठ लाखांवर मुलांना लस टोचून झाली, आणि 2017 च्या नोव्हेंबरात लस बनवणाऱ्या कंपनीनंच सांगितलं की आधी डेंग्यू न झालेल्यांना या लसीनं धोका वाढू शकतो. टोचण्याआधी रक्त बघायचं शहाणपण आलं ते त्यानंतर. मी कप खाली ठेवते. इतका वेळ मला हे सगळं नुसतं मोजमाप वाटत होतं.

आता रंग. द्रावण पडतं आणि खळगे एकेक करून निळे होऊ लागतात, काही शाईसारखे, काही नुसते आकाशी, ज्यांत काहीच चिकटलं नाही ते पाण्यासारखेच. मग आम्लाचा थेंब, आणि निळ्याचं झटक्यात पिवळं. टेक्निशियनला नुसते आकडे दिसतात. माणसं माझ्या फाइलीत आहेत. सतरा नंबर हळदीसारखा पिवळाधमक. तेवीस कोरा.

“तेवीसला डेंग्यू झाला होता म्हणतो,” मी पुटपुटते.

“प्लेटलेट काय, दुसऱ्या तापातही उतरतात,” डॉक्टरबाई यंत्रावरचा आकडा लिहून घेत म्हणतात. सतराबद्दलही त्या शंका राखून आहेत. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डेंग्यूचा भाऊबंद, त्याची प्रतिपिंडंही कधी कधी इथं येऊन चिकटतात. यंत्रापुढं मान डोलावणाऱ्यातल्या त्या नव्हेत, हे मला आवडतं.

संध्याकाळी आजींच्या खाटेपाशी जाते. कधीतरी डेंग्यू होऊन गेलेला दिसतोय, पुन्हा ताप आला तर अंगावर काढू नका, म्हणून सांगते. त्या ऐकून घेतात. मग माझ्या हातातल्या कागदाकडं बोट दाखवतात.

“ते ऱ्हाऊ दे. साखर किती आली ते सांग.”