अंगावरून जाणाऱ्या रक्ताचा हिशेब

लोह मिळवण्याच्या बाबतीत आपलं शरीर फार मंद असतं. साधारण आहार घेणारी स्त्री दिवसाला दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह शोषते, म्हणजे महिन्याकाठी ४५ मिलिग्रॅम. त्यातलं रोज सुमारे एक मिलिग्रॅम त्वचेच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर निघून जातं. उरलं १५. हिमोग्लोबिन १२ असलेल्या बाईच्या पाळीत ३५ मिलिलिटर रक्त गेलं, तर त्यासोबत १४ मिलिग्रॅम लोह जातं. जेमतेम भागतं. तेच रक्त ८० मिलिलिटर गेलं, तर लोह जातं ३३ मिलिग्रॅम, आणि दर महिन्याला तूट पडू लागते. आतडी मग थोडं जास्त लोह शोषायला लागतात, पण पालेभाज्या-डाळींतलं लोह मुळात कमी शोषलं जातं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. शेवटी शरीर साठ्याला हात घालतं.

हा साठा संपत येईपर्यंत हिमोग्लोबिन फारसं घसरत नाही. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असं ऐकून घरी आलेल्या बाईलाही थकवा सोडत नाही, केस गळत राहतात. फेरिटिनची तपासणी केली तर साठा कळतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याचं खापर एकट्या पाळीवर फोडता येणार नाही. आहार, जंत, लागोपाठची बाळंतपणं हेही आहेच. पण रक्त कमी म्हणून लोहाच्या लाल गोळ्या हातात ठेवताना ‘पाळीत किती जातं?’ हा साधा प्रश्न कितीदा विचारलाच जात नाही, आणि हे मला फार अस्वस्थ करतं.

८० मिलिलिटरचा आकडा आला स्वीडनमधून. गोथेनबर्ग शहरात लेइफ हालबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो स्त्रियांचे वापरलेले पॅड गोळा करून त्यांतलं रक्त रासायनिक पद्धतीने मोजलं. १९६६ साली त्यांनी मांडलं, की ८० च्या पुढे गेलं की रक्तक्षयाची चिन्हं वाढतात. घरी अशी मोजणी कोण करणार? म्हणून १९९० मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी चित्रांचा एक तक्ता केला. थोडासा डाग पडलेल्या पॅडला १ गुण, मध्यम भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०. लहान गाठीला १, मोठीला ५. पाळी संपल्यावर बेरीज १०० च्या वर गेली, तर रक्त बहुधा ८० मिलिलिटरच्या वर गेलंय. एका पाळीत सहा पॅड पूर्ण भिजले, की झालेच १२०. कॅलेंडरवर त्या त्या तारखेला आकडे मांडून दोन-तीन महिन्यांची पानं डॉक्टरांना दाखवली, तर ‘जास्त जातं हो’ या मोघम तक्रारीला वजन येतं.

कापडाच्या घड्या वापरणाऱ्यांना हे गुण लागू होत नाहीत. त्यांनी एवढं पाहावं: दर तास-दोन तासांनी बदलावं लागतं का, रात्री त्यासाठी उठावं लागतं का, नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडतात का, सात दिवसांहून जास्त चालतं का. ब्रिटनच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर आकड्याचा आग्रहच सोडला. रक्तस्रावामुळे बाईचं रोजचं जगणं अडत असेल, तर तो जास्तच आणि त्यावर उपचार करायचे. मला ही व्याख्या सगळ्यात माणुसकीची वाटते. मात्र तासाला एक पॅड असे लागोपाठ भिजत असतील आणि चक्कर येत असेल, तर कॅलेंडर बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

पाळीत गर्भपिशवीचं अस्तर सुटतं आणि खालच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्या आकसतात, तोंडाशी रक्त गोठतं, नवं अस्तर वाढतं, आणि स्राव थांबतो. यातली एखादी पायरी चुकली की तो लांबतो. पोकळीत डोकावणारी फायब्रॉइडची गाठ, पॉलिप, भिंतीत शिरलेलं अस्तर ही कारणं सोनोग्राफीत बहुधा दिसतात. स्त्रीबीज वेळेवर न सुटणं, थायरॉइडचा बिघाड, तांब्याची कॉपर टी, रक्त पातळ करणारी औषधं ही मात्र चौकशी केल्याशिवाय किंवा रक्त तपासल्याशिवाय कळत नाहीत. चाळिशीनंतर अनियमित रक्तस्राव होत असेल, तर अस्तराचा तुकडा तपासून कर्करोग नाही ना, हे पाहावं लागतं.

एका कारणाकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होतं. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांट यांच्याकडे ऑलंड बेटांवरची पाच वर्षांची मुलगी आली होती. तिच्या घरात रक्त न थांबण्याचा आजार होता. १९२६ मध्ये त्यांनी या आजाराचं वर्णन लिहिलं. ती मुलगी पुढे वयात आली आणि चौथ्या पाळीत रक्त जाऊन दगावली. रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाचा हा दोष दुर्मीळ नाही. पहिल्याच पाळीपासून मुलीला खूप जात असेल, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, सहज काळेनिळे डाग पडत असतील, तर ‘सुरुवातीला असंच असतं’ म्हणून सोडू नये. रक्त गोठण्याच्या तपासण्या कराव्यात, आणि तोवर मेफेनॅमिक ॲसिडसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत. या दोषात त्या रक्तस्राव वाढवू शकतात.

जिथे असा दोष नाही, तिथे मेफेनॅमिक ॲसिडने दुखणं आणि रक्त दोन्ही कमी होतं. त्याहून प्रभावी ट्रानेक्झॅमिक ॲसिड. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने बायका मरतात, ते थांबावं या ध्यासातून जपानच्या उताको ओकामोटो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते १९६२ मध्ये शोधलं. मूल पाठीला बांधून उताको प्रयोगशाळेत काम करत. रक्ताची गुठळी विरघळवणारी प्रक्रिया हे औषध रोखतं. त्यात संप्रेरक नाही, आणि ते फक्त पाळीतले जास्त स्रावाचे दिवस घ्यायचं असतं. पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेल्यांनी मात्र टाळावं.

मूल लगेच नको असेल, तर गर्भपिशवीत बसवायचं लेव्होनॉरजेस्ट्रेलचं साधन सगळ्यात गुणकारी. दिसायला ते कॉपर टीसारखं, पण काम उलट: अस्तर पातळ ठेवून ते बहुतेकींचा रक्तस्राव निम्म्याहून कितीतरी खाली आणतं. पहिले काही महिने डाग लागत राहतात, हे आधी सांगितलं नाही की बायका ते घाबरून काढून टाकतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत घडलेलं ऑर्मेलॉक्सिफीन हे औषधही डॉक्टर जास्त पाळीसाठी देतात. सरकारी आरोग्य केंद्रात ‘छाया’ नावाने मोफत मिळणारी गर्भनिरोधक गोळी तीच. पाळीसाठी तिचा डोस वेगळा असतो, म्हणून विचारूनच घ्यायची.

एवढं सगळं हाताशी असताना आपल्याकडे ‘पिशवी खराब झालीय, काढून टाका’ हे वाक्य फार लवकर येतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ मध्ये पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे दर सहा जणींमागे एकीची. पाळीमुळे खाडा झाला तर पैसे कापले जातात, फडात ना संडास ना पाणी, आणि कर्करोगाची भीती घातलेली, अशा अवस्थेत तिने दिलेल्या होकाराला निवड म्हणायला मी तयार नाही. बीजकोशही काढले गेले, तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. तिशीतल्या बाईला उसाची मोळी डोक्यावर घेऊन पुढची वीस-पंचवीस वर्षं याच शरीरावर काढायची असतात.

अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेल्या सूचना राज्यांनी लागू कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. काही जणींना ही शस्त्रक्रिया खरोखर लागते आणि तिने सुटका होते. मात्र त्याआधी सोनोग्राफीत नेमकं काय दिसलं, गोळ्या किती महिने देऊन पाहिल्या, साधन बसवण्याबद्दल बोलणं झालं का आणि बीजकोश ठेवणार की काढणार, हे सगळं तिला तिच्या भाषेत सांगितलेलं आणि कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे.