बटणावरची कुस्ती, मातीतली कुस्ती

समजा तुम्ही बीडमध्ये घरी बसलाय. ताई आणि तुम्ही टीव्ही गेम खेळताय. शेवटची फेरी! तुमची शक्तीची पट्टी करंगळीएवढी उरलीय, ताईची त्याहून थोडी मोठी. तुम्ही उडी मारून लाथ हाणणार, तेवढ्यात... गेली लाइट! परळीचं औष्णिक वीजकेंद्र आपल्याच जिल्ह्यात, तरी लाइट नेमकी आत्ताच जायची होती का?

असू दे. लाइट येईपर्यंत या खेळाची गंमत ऐका.

पडद्यावरच्या त्या रंगीबेरंगी वीरांचं मूळ गाव जपान. तिथल्या तोएई कंपनीने १९७५ साली 'गोरेंजर' ही मालिका काढली. पाच जण, पाच रंग, डोक्यावर शिरस्त्राण. लोकांना हा प्रकार भारी आवडला आणि मग नवनवी पथकं येत राहिली. १९९२ च्या 'झ्यूरेंजर' मालिकेतली मारामारीची दृश्यं अमेरिकेने घेतली, त्यांना आपल्याकडच्या नटांचे प्रसंग जोडले आणि १९९३ मध्ये 'पॉवर रेंजर्स' तयार! चेहरा उघडा असला की अमेरिकन नट. शिरस्त्राण चढवून लढाई सुरू झाली की बऱ्याचदा आत जपानी कसरतपटू. चेहराच झाकलेला, मग ओळखणार कोण? आहे की नाही डोकेबाज युक्ती!

१९९५ मध्ये याच मालिकेवर सुपर निन्टेन्डो यंत्रासाठी 'द फायटिंग एडिशन' हा खेळ आला. त्यात रेंजर्सऐवजी त्यांचे अवाढव्य यंत्रमानव आणि राक्षस समोरासमोर उभे ठाकतात. आपल्याकडे त्या काळात मिळणारे बरेचसे टीव्ही गेम मात्र १९८३ च्या फॅमिकॉम या जुन्या जपानी यंत्राची नक्कल असत. कॅसेटमध्ये फुंकर मारून चालू करायचे ना, तेच! त्यांवर हा खेळ चालत नसे.

आता आतली गोष्ट. यंत्राला ठोसा म्हणजे काय, ते कळतच नाही. प्रत्येक पैलवानाच्या अंगाभोवती न दिसणारी चौकट असते. तुम्ही बटण दाबलं की मुठीभोवती आणखी एक चौकट तयार होते. दोन्ही चौकटी एकमेकींवर आल्या, की यंत्र म्हणतं, "लागला!" आणि पट्टी कमी करतं. चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा बदलतं, म्हणून सगळं खरं वाटतं. थोडक्यात काय, तर ही सगळी बेरीज-वजाबाकी!

पण इथेच एक धोका आहे. फेरी संपली की पडद्यावरची पट्टी पुन्हा भरते. तुमची मान काही भरून येत नाही. १९९७ पासून 'शक्तिमान' मालिका लागायची, तेव्हा त्याची नक्कल करताना मुलं जखमी झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. शेवटी मुकेश खन्नांनाच पडद्यावरून सांगावं लागलं, "असं करू नका." तेव्हा गच्चीवरून उडी नको, आणि धाकट्या भावावर 'फिनिशिंग मूव्ह' तर मुळीच नको!

मग लढायची हौस असेल तर? आपल्या पाटोद्याचा राहुल आवारे बघा. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात त्याने कॅनडाच्या मल्लाला १५-७ असं हरवून सुवर्णपदक आणलं. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक. तिथे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये फक्त ३० सेकंदांची उसंत. बटण दाबून डाव पडत नाही. रोज पहाटे उठून जोर-बैठका काढाव्या लागतात, तोच डाव शेकडो वेळा घोटावा लागतो. आणि चांगला वस्ताद पाडायला शिकवण्याआधी काय शिकवतो, ठाऊक आहे? न लागता पडायचं कसं, ते! पंचाची शिट्टी वाजली की थांबायचं, हेही तिथेच अंगवळणी पडतं.

म्हणून खेळ जरूर खेळा. फक्त मारामारी काचेच्या त्या बाजूलाच राहू द्या. खरा डाव शिकायचा असेल, तर गावातल्या तालमीत जाऊन वस्तादांना विचारा. मुलींनीसुद्धा, बरं का!

आली बघा लाइट! खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागणार. पण ताई जिंकत होती, हे विसरू नका. पहिला डाव तिचा!