पेला सांडतो की पाणी?

‘पाण्याचा पेला सांडला’ म्हणा किंवा ‘पेलाभर पाणी सांडले’ म्हणा, फरशी दोन्ही वेळा सारखीच ओली होते. पण सांडण्याच्या जागी फुटणे घालून पाहा. पाण्याचा पेला फुटतो. पेलाभर पाणी मात्र काही केल्या फुटत नाही! पहिल्या वाक्यात यजमान पेला आहे आणि दुसऱ्यात पाणी. आपल्या भाषेने माप आणि वस्तू यांचा संसार किती नेटका लावून दिला आहे, ते या एवढ्याशा उदाहरणावरूनही दिसते.

आमच्या नाशिककडचेच बोलणे घ्या. बागाईतदार म्हणतो, ‘दहा पेट्या द्राक्षे गेली.’ पेट्या स्त्रीलिंगी, तरी क्रियापद ‘गेल्या’ होत नाही. ते द्राक्षांचा हुकूम पाळते. तोच माणूस ‘द्राक्षांच्या दहा पेट्या गेल्या’ म्हणाला, की ‘च्या’ने सत्ता पेट्यांच्या हाती दिलीच म्हणून समजा. मग त्या विकल्या गेल्या की चोरीला गेल्या, हे त्यालाच विचारावे! विभक्तीचेही तसेच. ‘दोन वाट्या साखरेचा पाक’ करताना रूप बदलते ते साखरेचे. वाट्या बाजूला उभ्या राहून फक्त किती ते सांगतात.

म्हणूनच मापे बदलली तरी वाक्ये मोडली नाहीत. चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी, हा हिशेब एके काळी पोराबाळांनाही पाठ असे. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि पुढे शेराच्या जागी किलो आला. ‘चार शेर साखर आणली’चे ‘चार किलो साखर आणली’ झाले. ‘आणली’ला धक्का लागला नाही. लासलगावच्या बाजारात ‘दहा क्विंटल कांदा विकला’ जातो आणि घरी भाजीला ‘दोन कांदे चिरले’ जातात. माप पुढे आले, की मोजायचे कांदे निमूटपणे एकवचनी होतात! सराफाकडचा तोळा तर कायदा होऊनही बोलण्यातून गेला नाही. फक्त पूर्वीच्या ११.६६ ग्रॅमचा तो आता १० ग्रॅमचा झाला आहे.

विशेषणाची जागाही अशीच ठरलेली. ‘एक मोठी वाटी ताजे दही’ यात मोठी ती वाटी, ताजे ते दही. लिंगामुळे घोटाळ्याला वावच नाही. इंग्रजीत ‘अ हॉट कप ऑफ टी’ असे सर्रास म्हणतात. ‘हॉट’ बसते कपाच्या शेजारी, वाफ मात्र चहाची! काटेकोर मंडळी यावर नाक मुरडतात, पण कोणाचा चहा त्यामुळे थंड होत नाही. इंग्रजांची ती रीत आहे. आपण मात्र ‘गरम कप चहा’ म्हणणार नाही. ‘कपभर गरम चहा’ म्हणू.

खरी अडचण होते ती इंग्रजीची घडी जशीच्या तशी उचलल्याने. सभेच्या वृत्तांतात हल्ली वाचायला मिळते, ‘महिलांची मोठी संख्या उपस्थित होती.’ आता संख्या कशी उपस्थित राहणार? तिला खुर्ची कोणी दिली? गंमत अशी, की ‘अ लार्ज नंबर ऑफ विमेन’ असे म्हणताना इंग्रजही क्रियापद अनेकवचनी ठेवतो. तोसुद्धा मान बायकांनाच देतो, ‘नंबर’ला नव्हे. म्हणजे नक्कल केली, तीही अर्धवट! ‘पुष्कळ बायका आल्या होत्या’ या साध्या वाक्यात काय कमी आहे?

आपल्याजवळ तर ‘भर’ आहे. चिमूटभर मीठ, ओंजळभर फुले, घोटभर पाणी, वीतभर जागा. हात आणि बोटे हीच आपली पहिली मापे. हे ‘भर’ नुसते प्रमाण सांगत नाही, भावही सांगते. ‘मूठभर माणसे’ म्हटले, की ती थोडी वाटतात; ‘ढीगभर कामे’ म्हटले, की छाती दडपते.

आणि कधी कधी हा फरक व्याकरणापुरता उरत नाही. येवला, नांदगाव, सिन्नर या तालुक्यांतील कित्येक वाड्यावस्त्यांना उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात. ‘पाण्याचा टँकर आला’ अशी नोंद कागदावर झाली, तर गाडी आली एवढे नक्की कळते. तो टँकर अर्धा होता की वाटेत गळत आला, हे त्या वाक्यात नाही. ‘टँकरभर पाणी आले’ असे लिहायचे, तर आधी कोणाला तरी वर चढून झाकण उघडून पाहावे लागेल. रांगेत हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला हवे असते ते हंडाभर पाणी. पाण्याचा हंडा तिच्याजवळ आहेच.