आधी ट्रे पाहा, मग पक्षी

पक्षी आजार अंगावर काढतो. थव्यात जो मरगळलेला दिसतो तोच शिकाऱ्याच्या नजरेत भरतो, म्हणून लपवण्याची ही सवय पिंजऱ्यातही सुटत नाही. बजी (बाजारात सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात तो) पिसं फुगवून, डोळे मिटून बसला, तोवर यकृताचं दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं.

लवकर कळायचं तर पिंजऱ्याखाली रोज कोरा पांढरा कागद घाला. वर्तमानपत्राच्या शाईत रंग कळत नाही. पक्ष्याच्या शिटेत तीन गोष्टी असतात : हिरवट-तपकिरी विष्ठा, पांढरे युरेट आणि पाण्यासारखी लघवी. त्यातला पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा येऊ लागला की यकृताचा संशय घ्यावा. माणसाची कावीळ डोळ्यांत दिसते, कारण आपल्या शरीरात हिरव्या बिलिव्हर्डिनचं पुढे पिवळं बिलिरुबिन होतं. पक्ष्यांकडे त्यासाठी लागणारं एन्झाइम जवळपास नसतंच. त्यांची कावीळ ट्रेमध्ये उतरते.

दुसरी खूण चोचीची. ती भराभर वाढते, ठिसूळ होते, चोचीवर आणि नखांवर काळपट डाग पडतात. लोक ती कापून आणतात, पुन्हा वाढली की पुन्हा कापतात. पण रक्त गोठवणारे घटक यकृतातच तयार होतात. ते डाग म्हणजे बहुधा आतला रक्तस्राव. अशा पक्ष्याची चोच घरी कातरणं जिवावर बेतू शकतं.

कारण बहुतेकदा वाटीतच सापडतं. सोललेल्या सूर्यफुलाच्या बीत निम्मी चरबी असते आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याला उडायला जागा नसते. ती चरबी यकृतात साठते. नुसता राळा दिला तर चरबी कमी होते, पण ‘अ’ जीवनसत्त्वाची वानवा राहते. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन तर थेट यकृतावरच घाव घालतं.

म्हणून बिया एका दिवसात बंद करायच्या का? मुळीच नाही. नवं अन्न ओळखीचं नसेल तर पक्षी उपाशी राहतो, आणि उपासमारीनं यकृतात आणखी चरबी उतरते. पेलेट, पालेभाजी, किसलेलं गाजर हळूहळू वाढवा आणि रोज सकाळी डिजिटल काट्यावर वजन करा. बजी जेमतेम ३०-४० ग्रॅमचा. तीन-चार ग्रॅमची घटही मोठी. भरलेल्या वाटीवरही विसंबू नका, वर नुसती टरफलं असतात.

औषध मात्र पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याचंच. रक्तातली पित्ताम्लं आणि एक्स-रे यांवरून यकृताचा अंदाज येतो. सिटॅकोसिस हा जिवाणूजन्य आजारही यकृत सुजवतो. त्यावर डॉक्सिसायक्लिन साधारण ४५ दिवस चालतं. वाळलेल्या शिटेच्या धुळीतून तो माणसालाही होतो. त्यामुळे ट्रे झाडू नका, आधी ओला करा, आणि घरात कुणाला ताप-खोकला आला तर पक्षी पाळल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.