पांडवलेण्यातलं बेचाळीस

पाचवीच्या गणितात रोमन संख्याचिन्हं आली की वर्गात कुरकुर सुरू होते. आपलं सुटसुटीत ४२ असताना एक्स, एल, आय, आय अशी अक्षरं कोण मांडत बसणार? पण युक्ती सोपी आहे. एल म्हणजे ५०. त्याच्या आधी बसलेला एक्स त्यातले १० खातो आणि शेवटचे दोन आय २ वाढवतात. झाले ४२! (घड्याळवाले मात्र थोडे आगाऊ. पुष्कळ रोमन घड्याळांत चारच्या जागी चक्क चार आय उभे असतात.)

रोमन लोक असं लिहीत होते, तेव्हा आपल्या नाशिकला काय चाललं होतं? चला, पांडवलेणी चढू या आणि दहा नंबरच्या लेण्यात जाऊ. ओसरीतल्या भिंतीवर सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने तो कोरवला. त्यातही साल ४२ च आहे! ४० चं एक चिन्ह आणि पुढे २ च्या दोन आडव्या रेघा. रोमन रेघा उभ्या, आपल्या आडव्या. वजाबाकीची भानगड इथे नाही, आणि शून्य तर दोघांकडेही नाही. पुढे लोक या रेघा हात न उचलता लिहू लागले, त्यातूनच आपले २ आणि ३ घडले.

शून्याशिवाय ७०,००० कसे लिहायचे? उषवदाताने एवढी नाणी दान दिली होती. कोरणाऱ्याने १००० च्या चिन्हालाच ७० चं चिन्ह जोडून टाकलं. रोमन लोक ७० लिहून डोक्यावर आडवी रेघ मारत, की झाली हजारपट.

मला सगळ्यात आवडतो तो भिक्षूंच्या कपड्यांचा हिशोब. उषवदाताने ३००० नाणी ठेव म्हणून दिली. ही रक्कम लेखात शब्दांत आहे आणि आकड्यांतही, अगदी चेकवर ‘अक्षरी रुपये’ लिहितात तशी! त्यातली २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघटनेकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवली. महिन्याला व्याज २०, वर्षाला २४०. आता लेख काय म्हणतो बघा: लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ नाणी. बरोब्बर जुळलं!

हाच गुणाकार रोमन चिन्हांत करून बघा. एक्स एक्स गुणिले एक्स आय आय. उत्तर सी सी एक्स एल यायला हवं.